तीन मजल्यांचा श्वास

कुमुदताई बर्व्यांचं नाव निघालं की आमच्या कलकत्त्याच्या दिवसांतली माणसं आजही आधी दोन्ही हात फाकवून त्यांचा घेर दाखवतात आणि मग हसतात. माझं डोकंच फिरतं. जास्त फिरतं ते एवढ्यासाठी, की एके काळी सगळ्यांत मोठा घेर मीच दाखवायची.

जाड होत्या, त्यात काही खोटं नाही. थोड्याथोडक्या नव्हेत. बसमध्ये अंग तिरकं करून चढावं लागे, आणि कंडक्टर 'आस्ते, लेडीज' असं ओरडून ड्रायव्हरकडे बघून हसे. एकदा एकानं विनोद केला, "दिदी, तुमची दोन तिकिटं लागतील." ताईंनी शांतपणे दोन तिकिटं घेतली, शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि त्या खच्चून भरलेल्या बसमध्ये तीन थांबे कुणाला तिथे टेकू दिलं नाही. कंडक्टर अजिजीला आला तेव्हा म्हणाल्या, "तूच ना दिलंस तिकीट? मग जागा माझी." चौथ्या थांब्यावर एक म्हातारी चढली, तिला मात्र हाताला धरून बसवलं. त्या दिवसापासून तो कंडक्टर त्यांना लांबून नमस्कार करायचा.

आम्ही एकाहत्तर साली बदलीवर कलकत्त्याला गेलो. बेहाल्यात घोषबाबूंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही आणि तळमजल्यावर कुमुदताई. त्या जन्मानं कलकत्त्याच्या, आजोबांपासूनचं बिऱ्हाड. मराठी स्वच्छ, फक्त बंगाली वळणानं "चहा खाणार का?" असं विचारायच्या आणि मी हसले की, "पोटातच जातो ना? मग झालं," म्हणायच्या. लग्न केलेलं नव्हतं. हाजऱ्याजवळच्या एका मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायच्या. शिवाय रविवारी सकाळी आम्हा मराठी घरांतली आठ-दहा मुलं अंगणात गोळा करून त्यांच्याकडून पाढे घोकून घ्यायच्या, अगदी पावकी-निमकीसकट. चुकलेल्या पोराला कधी मारलं नाही. पाटीवरचं पुसून हातात परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "चुकलं तर पुसायचं. रडून पाटी कोरी होत नाही."

आता त्यांच्या झोपेबद्दल. आमच्या मराठी मंडळात ती करमणुकीची गोष्ट होती. बैठकीत ताई बोलायला लागायच्या, "यंदा वर्गणी न वाढवता आपण..." आणि डोळे मिटायचे. मिनिटभर घोरणं ऐकू यायचं. मग डोळे उघडून त्या पुढचं वाक्य बोलायच्या, मध्ये काही झालंच नाही अशा. आम्ही पदर तोंडाला लावून खिदळायचो. वर्गातही असंच व्हायचं, हे मला फार उशिरा कळलं. हातात खडू, फळ्यावर अर्धं सोडवलेलं उदाहरण आणि बाई खुर्चीत झोपलेल्या. पण त्या मुली अशा, की एकीनं दाराशी पहारा द्यायचा, बाकीच्यांनी न बोलता उदाहरण पुरं करायचं. बाई जाग्या झाल्या की म्हणायच्या, "हं, तर उत्तर काय आलं?" आणि उत्तर तयार असायचं. दोन वर्षं हा कट चालला होता.

रात्री त्यांच्या खोलीत दिवा असायचा आणि त्या आरामखुर्चीत बसलेल्या दिसायच्या. मला वाटायचं, केवढा हा व्यासंग. वाचत कसल्या होत्या? आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून बसून झोपायच्या. नऊ वर्षं बाई पाठ टेकून झोपली नव्हती. मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्र्याहत्तरच्या सुरुवातीला त्या फारच दमायला लागल्या. नळावरून बादली आणली की दहा मिनिटं खाटेच्या काठावर बसून राहायच्या. बोलणं तुटक झालं. तीन शब्द, श्वास, पुन्हा तीन शब्द. सकाळी डोकं ठणकायचं, संध्याकाळी पायांवर बोट दाबलं तर खळगा पडायचा. आम्हा बायकांचं एकमत झालं, की अशक्तपणा आलाय. मग काय, एकटी बाई, तिचं करणार कोण? मी डिंकाचे लाडू केले. चांगले तुपात न्हालेले, खारीक-खोबरं घालून. मंडळातल्या देशपांडेवहिनींनी अळिवाचे केले. घोषबाबूंच्या बायकोनं, त्यांना आम्ही मासिमा म्हणायचो, छेन्याचे गोड संदेश पाठवले. ताई जितक्या जास्त धापा टाकायच्या तितके आम्ही जास्त लाडू वळायचो, आणि त्या कुणाचं मन मोडायच्या नाहीत. आज आठवलं की अंगावर काटा येतो. ज्या ओझ्याखाली बाई चिरडत होती, ते आम्ही रोज सकाळी डब्यात घालून तिला पोचवत होतो.

एप्रिलात त्यांना सर्दी होऊन ताप भरला. मी खाली गेले तर खुर्चीत बसून कुडकुडत होत्या. मला वाटलं, आजारी माणसानं बसून कसं चालेल? ह्यांना हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना खाटेवर सपाट झोपवलं. वर शहाणपणा करून मी उशीही काढून घेतली, श्वास मोकळा होईल म्हणून. पाच मिनिटांत त्यांचे ओठ जांभळे झाले. त्या उठायला बघत होत्या, माझ्या दंडाला धरून स्वतःला वर ओढत होत्या. तोंडून शब्द निघत नव्हता. आणि मी, मूर्ख बाई, तापात बरळताहेत असं समजून त्यांचे खांदे दाबून धरत होते, "पडून राहा ताई, पडून राहा." मासिमा आवाज ऐकून धावत आल्या. त्यांनी मला अक्षरशः बाजूला ढकललं, ताईंना उठवून बसवलं, पाठीला तक्क्या दिला. हळूहळू ओठांवर रंग आला. पहिला श्वास मिळाल्यावर ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसून... बरं... वाटतं गं." रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मासिमांच्या ओळखीचे डॉक्टर सान्याल छातीच्या रोगांचे जाणकार होते. बुटके, कडक, फारसं न हसणारे. आठवड्यानं ताप उतरल्यावर मी ताईंना त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी बोटांची नखं पाहिली, पाय पाहिले, हृदयाचा आलेख काढला. मग म्हणाले, एक मोठा श्वास घ्या आणि तो पुरेल तोवर मोठ्यानं आकडे मोजा. ताई नवावर अडकल्या. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. "नऊ," त्या म्हणाल्या. "एकोणतीसचा पाढा... मी एका दमात... म्हणायची."

डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास समजावलं. मला बंगाली अर्धवट कळायचं, म्हणून घरी आल्यावर ताईंनी कागद घेऊन मला पुन्हा शिकवलं. तुटक बोलत, थांबत, पण पायरी न गाळता. छाती म्हणजे भाता. त्यावर बाहेरून चरबीचं वजन ठेवलेलं. खालून पोट छातीखालच्या पडद्याला वर रेटतं. भाता उघडण्यातच निम्मी ताकद जाते, तरी पुरता उघडत नाही. आडवं झालं की सगळं पोट वर सरकतं, मग फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा जातच नाही. ताजी हवा कमी येते, आणि जी बाहेर जायची ती आतच उरते, रक्तात साठते. डोकं दुखतं ते तिनं, आणि दिवसा डोळे मिटतात तेही तिनंच. रात्रीही झोपेत श्वास पुनःपुन्हा अडत असणार, म्हणून रात्रभर झोपूनही झोप पुरी होत नाही.

"म्हणजे तुम्ही आळशी नाही," मी म्हटलं.

"नाही ना. मला वाटायचं... मी निर्लज्ज आहे. वर्गात झोपते." मग त्यांनी कागदावर हृदय काढलं. एवढ्या मोठ्या देहाला रक्त पोचवायचं म्हणून ते आधीच दुप्पट राबतं. त्यात हवा कमी पडली की फुप्फुसातल्या रक्ताच्या वाटा आवळतात, आणि त्यांतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकते. मग पायांवर सूज. "तिथवर आलंय," त्या म्हणाल्या, पेन्सिलीनं उजव्या बाजूवर टोक ठेवून. "पण वजन उतरलं तर मागे फिरेल. पूर्ण नाही. बरंचसं."

मी रडायला लागले. लाडवांचं सांगितलं, खांदे दाबले त्याचं सांगितलं.

"तू प्रेमानं दिलेस, मी आवडीनं खाल्ले," ताई म्हणाल्या. "दोघींचं गणित चुकलं. आता पुसू."

शाळेत हे लपणं शक्य नव्हतं. दाराशी पहाऱ्याला असलेली मुलगीच एकदा पेंगली आणि मुख्याध्यापिका थेट वर्गात आल्या. मुख्याध्यापिकेला तिकडे बडदी म्हणतात. या बडदी वाईट नव्हत्या, पण त्यांचीही पंचाईत होती. अकरावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चौसष्ट. ताईंना चढायला वीस मिनिटं लागायची, आणि मार्चात मुलींची बोर्डाची परीक्षा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बडदींनी त्यांना बोलावून सांगितलं, की तुम्ही आता खालच्या मजल्यावर लहान मुलींना शिवण आणि चित्रकला शिकवा, पगार तोच राहील.

दुसरी कुणी असती तर हायसं वाटलं असतं. ताई घरी आल्या त्या लालबुंद होऊन. "शालिनी, मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी गणिताची बाई आहे. ते काढून घेतलं तर ह्या देहात काय उरतं? चरबी." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद घेऊन त्या बडदींसमोर बसल्या. तडजोड अशी ठरली: दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत अकरावीला बदली शिक्षिका. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी ताईंनी तिसरा मजला मध्ये न थांबता चढून दाखवायचा. चढल्या तर वर्ग त्यांचा, नाहीतर सुई-दोरा.

मग सुरू झालं. डॉक्टरांच्या दवाखान्यातला काटा ताईंना पुरत नव्हता. हे ऐकून दुसरं कुणी जमिनीत गेलं असतं. ताई म्हणाल्या, "काटा लहान आहे, मी काय करू?" त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील सियालदह स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. दर रविवारी पाढ्यांचा वर्ग संपला की आम्ही बसनं सियालदहला जायचो. तिथे लोखंडी मोठा काटा, एका बाजूला मासळीच्या टोपल्या, दुसरीकडे बटाट्याची पोती, आणि मध्ये पांढरं पातळ नेसलेल्या कुमुदताई ताठ उभ्या. हमाल थांबून बघायचे. पहिल्या दिवशी एकानं विचारलंच, "दिदींना कुठल्या गाडीला चढवायचं?" ताई म्हणाल्या, "चढवायचं नाही बाबा, उतरवायचं आहे." तो एवढा हसला, की पुढच्या रविवारपासून टोपल्या सरकवून जागा तोच करून द्यायला लागला. पहिलं वजन एकशे अठ्ठावीस किलो. त्यांनी तो आकडा घरी पाटीवर लिहून दाराशी टांगला. मी म्हटलं, लोक बघतील. म्हणाल्या, "इतकी वर्षं मला बघताहेत, आता पाटी बघू देत."

भात बंद झाला, तूप बंद झालं. मुगाचं पाणी, भाजी, उकडलेला मासा. ब्राह्मणाच्या घरी मासा शिजला म्हणून देशपांडेवहिनींनी नाक मुरडलं, तर ताई म्हणाल्या, आजोबांनी इथे येऊन पहिल्याच वर्षी सोवळं सोडलं, तुम्ही कशाला धरून बसता? झोपताना पाठीशी तीन उशा. आणि चालणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बोलता येईल इतपतच चाला, बोलणं तुटलं की थांबा. म्हणून ताई पाढे म्हणत चालायच्या. सकाळी शाळेआधी अंगणातून आवाज यायचा, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." पाढा तुटला की थांबायचं, श्वास आला की तिथूनच पुढे. जूनमध्ये तीनदा तुटायचा. जुलै संपताना एकदा. मग त्यांनी आमचा जिना धरला. एका मजल्याच्या अठरा पायऱ्या, आणि मी वर दूध तापवत उभी, कान जिन्याकडे लावून.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. गणपतीत माझ्या घरी मोदक होते. ताई दर्शनाला आल्या, दोन मोदक घेतले, आणि मग काय झालं देव जाणे, अकरा खाल्ले. तूप घालून. मी समोर उभी होते, पण माझा हात त्यांच्या ताटापर्यंत गेला नाही. रविवारी काटा वर गेलेला दिसला. घरी येऊन पाटीवर वाढलेला आकडा लिहिला, आणि प्रथमच मी त्यांना रडताना पाहिलं. "मला खरंच भूक असते गं," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं हाव आहे. मला भूक असते." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकोणतीसचा पाढा ऐकू आला.

त्यानंतर दुर्गापूजा. दसरा झाला की बंगाल्यांत बिजोया असते. थोरांच्या पाया पडायला घरोघरी जायचं, आणि प्रत्येक घरी मिठाई. नाही म्हणणं म्हणजे अपमान. ताई एकाही घरी जायच्या राहिल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी रसगुल्ल्याची वाटी हातात घ्यायच्या, घरातल्या सगळ्यांत लहान पोराला मांडीवर घ्यायच्या आणि चमच्यानं त्याला भरवायच्या. यजमानीण कौतुकानं बघायची, पोर तर खूशच. अशी सोळा घरं. सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी पार्सल ऑफिसच्या काट्यावर एकशे सात भरले. पायांची सूज गेली होती, दुपारचं पेंगणं जवळजवळ थांबलं होतं. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात आमची नागपूरला बदली झाली. गाडी नेमकी शाळा उघडायच्या दिवशीची, संध्याकाळी. ताई त्यानंतर आठ वर्षं जगल्या. त्यांची पत्रं यायची, मुलींचे निकाल कळवणारी. हृदयाची उजवी बाजू शेवटी थकलीच, आधीची वर्षं तिनं माफ केली नाहीत, असं मासिमांनी कळवलं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी सकाळी. अर्धं सामान बांधायचं टाकून त्यांच्याबरोबर शाळेत गेले होते.

बडदी जिन्याशी उभ्या होत्या. "कुमुद, मला आनंदच होईल," एवढंच म्हणाल्या. ताईंनी पदर खोचला आणि चढायला लागल्या. आम्ही दोघी खाली. जिना चौकोनी, मधून वरपर्यंत मोकळा, त्यामुळे मान वर केली की कठड्यावरचा त्यांचा हात तेवढा दिसत होता. पहिला मजला गेला. चपलांचा आवाज एका लयीत होता. दुसऱ्या मजल्याला तो जड झाला. हात कठड्याला घट्ट धरायला लागला. आणि दुसऱ्या मजल्याच्या पुढे, अर्ध्या जिन्यात, आवाज थांबला.

बडदींनी माझ्याकडे पाहिलं. पुरे ताई, बसा खाली, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. एकदा खांदे दाबून धरले होते, तेवढं पुरे होतं.

वरून ताईंचा आवाज आला. कुणा मुलीला बंगालीत झापत होत्या. "घंटा होऊन पाच मिनिटं झाली आणि तू इथे पायरीवर बसून चिंच चोखतेस, वडील फी भरतात ती काय ह्यासाठी, ऊठ, तोंड पूस, आणि वर्गात जाऊन बाईंना सांग की उशीर का झाला ते मी स्वतः येऊन विचारणार आहे." सगळं एका दमात. मध्ये कुठे श्वासाला जागा नाही.

"त्या दम लागून थांबल्या नाहीत," मी घाईघाईनं म्हटलं. "तुम्ही ऐकलंत ना? त्या थांबल्या असं धरू नका."

बडदींनी हात वर करून मला गप्प केलं. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "तिचं शिकवणं सुरू झालं."

चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. कठड्यावरून तो गोरा, जाडसर हात एकेक वीत वर सरकत गेला, तिसऱ्या मजल्याच्या वळणाशी पोचला आणि दिसेनासा झाला. मग वरून बाकं सरकल्याचा मोठा गलका ऐकू आला. अख्खी अकरावी उभी राहिली होती. त्या गलक्यावरून ताईंचा आवाज आला, अजिबात न धापता.

"बोशो," त्या म्हणाल्या, म्हणजे बसा, आणि मुली बसल्या.